शेतातला फॉस्फरस ओढ्यात जाण्याचा धोका कसा ठरवायचा?

प्रश्न: माती परीक्षणात ऑल्सेन पद्धतीने (पिकाला मिळू शकणारा फॉस्फरस मोजायची चाचणी) फॉस्फरस ६२ मिग्रॅ/किलो आला आहे. शेत उताराचं, खालच्या बांधाला लागून ओढा. एवढ्यावरून धोका जास्त म्हणावा का?

उत्तर १: नुसत्या आकड्यावरून नाही. ६२ म्हणजे पिकाच्या गरजेपेक्षा बराच जास्त साठा, पण त्याला पाण्यापर्यंत वाट हवी. साठा आणि वाट यांचा गुणाकार धरा. जोराच्या पावसात बांधावर उभं राहून बघा: गढूळ पाणी कुठून वाहतं, कुठे घळ पडते, ओढ्यात नेमकं कुठे उतरतं. बहुतेक फॉस्फरस अशा थोड्याशा जागेतूनच जातो.

उत्तर २: नमुना किती खोलीचा? नांगरट होत नसेल तर १५ सेंमीचा नमुना फसवतो. फॉस्फरस वरच्या ५ सेंमीत साचतो आणि वाहतं पाणी तोच थर धुतं. ०–५ सेंमीचा वेगळा नमुना द्या.

प्रश्नकर्ता: १५ सेंमीचाच आहे, नांगरट नाही. गवताचा पट्टा लावला तर?

उत्तर १: गाळाला चिकटलेला फॉस्फरस अडेल, विरघळलेला बराचसा निसटेल. पाणी घळीतून एकवटून आलं तर पट्टा जवळपास निरुपयोगी, आधी ती घळ बुजवा. जमिनीखाली निचरा नळ्या असतील तर पट्ट्याला वळसा घालूनच पाणी जातं.

उत्तर २: आणि पावसाच्या तोंडावर शेणखत पसरू नका; एरवी पसरलं की लगेच मातीत मिसळा. खताचा हिशेब करताना पिशवीवरचा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा (P₂O₅) आकडा ०.४४ ने गुणा, म्हणजे नुसता फॉस्फरस किती ते कळतं. इथे बरेच जण चुकतात.