जुन्या 18 एचपी बागेच्या ट्रॅक्टरचे ब्रेक: बाहेरून डिस्क बसवू की शूच नीट करू?

बागवान_दिंडोरी
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेतला जुना 18 एचपीचा ट्रॅक्टर आहे. मागे दोन्ही बाजूंना ड्रम-शू ब्रेक, रॉडवर चालणारे, डाव्या-उजव्याची पेडलं वेगळी. मागे 600 लिटरचा ओढायचा ब्लोअर (औषध फवारायचं यंत्र) असतो. टाकी भरलेली असली की उतारावर ब्रेक दाबूनही गाडी सरकत राहते. उजवं पेडल जवळजवळ फूटबोर्डला टेकतं, डावं वरच लागतं. दोन्ही जोडून दाबली की गाडी डावीकडे ओढते. उजव्या ड्रमखाली तेलकट ओल दिसते. गॅरेजवाले म्हणतात, बाहेरून डिस्क बसवून देतो. करावं का?

पाना_पक्कड
दादा, डिस्कचा विचार नंतर. आधी ती ओल. उजवा शू तेल प्यायलाय, म्हणून सगळं काम डावा एकटाच करतोय आणि गाडी तिकडे ओढते. तेल प्यायलेलं लायनर (शूवरची घासणारी पट्टी) पेट्रोलने धुऊन किंवा शेगडीवर भाजून परत लावू नका. वरून कोरडं दिसतं, पण ड्रम तापला की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. लायनर दोन्ही बाजूंचं एकदमच बदला, एकाच मालाचं. एका बाजूला नवं आणि एका बाजूला जुनं ठेवलं तर ओढ कायम राहणार.

ही ओल शाफ्टचं सील (तेल अडवणारी रबरी रिंग) गळत असल्याची, पण सील नुसतं बदलून भागणार नाही. आधी गिअरबॉक्सच्या हाउसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) काढून फुंकून बघा. तो मातीने बुजला की तेल तापल्यावर आत दाब साठतो आणि नवं सीलही गळायला लागतं. तेलाची पातळी काडीवरच्या खुणेच्या वर असेल तरी तेच होतं. मग शाफ्टवर नख फिरवा. सीलची कड घासते तिथे चर लागला तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवा, किंवा बोअरमध्ये जागा असेल तर सील 2-3 मिमी आत ठोका, म्हणजे कड कोऱ्या जागेवर बसेल. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर आधी बेअरिंग, नाहीतर शाफ्ट हलत राहील आणि कोणतंही सील टिकणार नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे ठेवा आणि कडेला तेलाचं बोट लावूनच चढवा. कोरडं चढवलं तर पहिल्याच फेऱ्यात कड जळते.

उघडताना पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागे दोन्ही बाजूंना घोड्या. नुसत्या जॅकवर चाक काढू नका. ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

बागवान_दिंडोरी
ब्रीदर पार बुजलेला निघाला, धन्यवाद! शाफ्टवर चर नाही. ड्रमला आतून काठ आलाय. लायनर रिवेटवालं आहे, उजवीकडे रिवेटची डोकी जवळपास उघडी पडलीत. कॅमचा (शू फाकवणाऱ्या तुकड्याचा) शाफ्ट हाताने हलतच नाही.

पाना_पक्कड
मग तुमचा अर्धा ब्रेक त्या कॅममध्येच अडकलाय. बागेतल्या गाडीला हे होणारच. मोरचुदाची फवारणी अंगावर पडते, ती लोखंड खाते, आणि कॅम व बुश गंजून एकजीव होतात. शाफ्ट ठोकून काढा, पॉलिश पेपर मारा. बुश ढिलं असेल तर नवं पितळी बुश करून घ्या. कॅमच्या दोन टोकांवर जिथे शू बसतो तिथे खड्डे पडले असतील तर भरून घासून घ्या. ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच. जास्त भरलं तर तेच वितळून लायनरवर जाईल. रिटर्न स्प्रिंगा नव्याच टाका, किंमत किरकोळ आहे.

ड्रमचा व्यास तीन-चार ठिकाणी मोजा. 0.25 मिमीच्या वर फरक आला किंवा चर खोल असतील तर लेथवर टर्निंग. पण ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर त्याच्या पुढे जायचं नाही, तसा ड्रम बदलायचाच.

लेथवाले_काका
टर्निंग झालं की ड्रमची गोलाई बदलते. मापाचं लायनर मग फक्त मध्ये टेकतं आणि दोन्ही टोकांना फट राहते. जाड लायनर घ्या आणि शूसकट ड्रमच्या मापाला घासून घ्या. तपासायचं असं: ड्रमच्या आत खडू फासा, शू आत धरून थोडा पुढे-मागे सरकवा, बाहेर काढून बघा. पांढरं फक्त मध्ये उमटलं तर तेवढंच घासा, पुन्हा खडू. साधारण पाऊण भागावर पांढरं आलं की पुरे.

रिवेट मारताना मधून सुरुवात करून टोकांकडे जायचं. टोकांकडून सुरू केलं तर मध्ये लायनर फुगतं, दाबलं की तडकतं. रिवेटचं डोकं लायनरच्या निदान 1 मिमी आत बसलं पाहिजे. लायनरच्या दोन्ही टोकांना उतार द्या, नाहीतर ब्रेक कचकन धरतो.

उतारावरचा_शेतकरी
वरचं सगळं बरोबर, पण तुमची खरी अडचण त्याच्यापुढे आहे, भाऊ. भरलेला ब्लोअर उतारावर थांबवायला एवढासा ट्रॅक्टर कमीच पडतो, ब्रेक कितीही चांगला असो.

हिशेब मांडून बघा. चालकासह ट्रॅक्टर 700 किलो धरा. मागच्या चाकांवर त्यातले सुमारे 420. कोरड्या मातीत टायरची पकड 0.6 धरली तर चाक घसरायच्या आत जास्तीत जास्त 250 किलोचा अडथळा मिळतो. ताशी 15 किमीला नुसता ट्रॅक्टर यावर अडीच मीटरमध्ये थांबतो. मागे 1000 किलोचा ब्लोअर (पाणी 600, यंत्र 400) जोडला की तोच अडथळा 1700 किलोला पुरवायचा, म्हणजे 6 मीटर. दहाला एक असा उतार असेल तर जवळपास 19 मीटर, आणि यात पाय पेडलवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. हुकावर ब्लोअरचा थोडा भार येतो त्याने किंचित फायदा होईल. ओल्या चिखलात मात्र पकड निम्म्यावर येते, तेव्हा या उतारावर गाडी थांबतच नाही.

म्हणून खर्च करायचाच तर ब्लोअरच्या अ‍ॅक्सलवर करा. त्याला ड्रम ब्रेक आणि पुढे सरकत्या दांडीचा धक्का ब्रेक लावा. ब्लोअर मागून ढकलायला लागला की दांडी दबते आणि त्याचा ब्रेक आपोआप लागतो. दांडीला डँपर हवाच, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ब्रेक टकटक लागत राहतो. रिव्हर्स घेतानाही ब्रेक लागेल, त्यासाठी अडकवायची पिन ठेवा आणि पुढे निघताना ती काढायला विसरू नका.

पाना_पक्कड
काकांच्या आणि या हिशेबाच्या जोडीला डिस्कचं सांगतो. ड्रममध्ये पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो, त्यामुळे पायाचा जोर कमी लागतो. डिस्कला ही मदत नाही, म्हणून मास्टर सिलिंडर आणि पेडलचं गुणोत्तर जुळवूनच बसवावी लागते. पेडलं दोन म्हणजे मास्टर सिलिंडर दोन, आणि दोन्हींचा दाब सारखा करणारा व्हॉल्व्ह. तो नसेल तर रस्त्यावर गाडी एकीकडे झपकन वळेल. उघडी डिस्क बागेत चिखल, तार, छाटलेल्या काड्या ओढते. पार्किंगला वेगळी रॉड लागतेच, कारण तेलाचा दाब रात्रभर टिकत नाही. लिफ्टच्या हायड्रॉलिक लाइनमधून दाब घेऊ म्हणणारा भेटला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका. माझ्या मते या गाडीला डिस्क नको.

बागवान_दिंडोरी
पटलं. शू, सील, कॅम करतो आणि ब्लोअरला ब्रेक. आता सेटिंग कसं करू?

पाना_पक्कड
आधी दोन्ही मागच्या टायरमधली हवा सारखी करा, नाहीतर ओढ कुठून येते ते कळणार नाही. चाकं उचलून न्यूट्रलमध्ये ठेवा, अ‍ॅडजस्टर आवळून चाक घासायला लागलं की मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. मग रॉडच्या चेकनटने पेडलला 20 ते 30 मिमी मोकळी चाल द्या, दोन्हींना सारखी. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. पूर्ण ब्रेक लागलेला असताना रॉड आणि कॅमची दांडी यांत काटकोन पडला पाहिजे. दांडी त्याच्या पुढे गेली की तोच पाय कमी जोर देतो. लायनर झिजलं म्हणून दांडी एक दाता सरकवायची सवय आहे लोकांना, त्याने नेमका हाच कोन बिघडतो.

मग मोकळ्या सपाट जागेत, पेडलांची कडी लावून, हळू वेगात दाबा आणि मातीवर दोन्ही चाकांचे घसरल्याचे पट्टे बघा. लांबी सारखी हवी. लांब पट्ट्याच्या बाजूचा रॉड अर्धा फेरा ढिला करा, घट्ट करू नका. नवं लायनर बसेपर्यंत हलके ब्रेक मारत चालवा, काही तासांनी चाल पुन्हा मोजा.

उतारावरचा_शेतकरी
आणि फोर व्हील असेल तर उतारावर टाकून ठेवा. मागचा ब्रेक शाफ्टवाटे पुढच्या चाकांनाही रोखतो, मग सगळ्या वजनाची पकड कामी येते. पण ओळीच्या टोकाला एका पेडलवर वळताना काढून घ्या, पुढच्या गिअरवर भयंकर ताण येतो. उतरताना गिअर वरूनच लो घ्यायचा, मध्ये क्लच दाबायचा नाही.

बागवान_दिंडोरी
फोर व्हील आहे. ब्लोअरच्या अ‍ॅक्सलला ड्रम कोणत्या मापाचा घेऊ?

लेथवाले_काका
आधी ब्लोअरच्या हबचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), बोल्ट किती आणि रिमचा आतला व्यास मोजून इथे टाका. ड्रम आणि रिम यांत सगळीकडून निदान 10 मिमी हवा खेळली पाहिजे, माप त्यावरूनच ठरेल.