ड्वोर्झाकच्या सिंफनिक पोएम्स: गोष्ट आधी वाचावी का?

मृदुला_के: 'न्यू वर्ल्ड' सिंफनी आता जवळजवळ पाठ झाली आहे, म्हणून ड्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या सिंफनिक पोएम्सकडे, म्हणजे ऑर्केस्ट्रातून गोष्ट सांगणाऱ्या रचनांकडे वळले. 'गोल्डन स्पिनिंग व्हील' लावलं, पण पंचवीसेक मिनिटं काय चाललंय ते कळेना. तेच तेच पुन्हा येतंय असं वाटलं. गोष्ट आधी वाचायची का? आणि सुरुवात कशाने करू?

व्हायोलावाला: आधी वाचाच. अमेरिकेहून परतल्यावर १८९६ साली त्याने अशा चार रचना केल्या, चारही एरबेन या चेक कवीच्या कथागीतांवर. 'स्पिनिंग व्हील'च्या काही धुना तर त्याने एरबेनच्या ओळींवरच बेतल्यात, अक्षराला स्वर. त्या गोष्टीत सावत्र आई मुलीला मारून तिचे पाय, हात, डोळे काढून नेते. मग एक म्हातारा सोन्याचा चरखा आणि त्याचं सामान देऊन ते परत मिळवायला एका पोराला राजवाड्यावर धाडतो, एकदा नव्हे, तीनदा. संगीतही तीन खेपा घालतं. तुम्हाला जाणवलेली पुनरावृत्ती हीच.

सुरुवात मात्र 'नून विच'ने करा. जेमतेम चौदा मिनिटांची आहे. किरकिऱ्या पोराला आई दुपारच्या चेटकिणीची भीती घालते, आपल्याकडे बागुलबुवाची घालतात तशी, आणि ती खरंच दारात उभी राहते. तिथे तंतुवाद्यं म्यूट लावून दबकी होतात, खालून बास क्लॅरिनेट सरकत येतो. इतका थंड आवाज ड्वोर्झाककडून मी दुसरीकडे ऐकलेला नाही. मग बाराचे टोल. बाप जेवायला घरी येतो तेव्हा आई बेशुद्ध, मूल तिच्या कुशीत गुदमरून गेलेलं. बापाच्या येण्याचं संगीत किती निवांत आहे पाहा! त्याला काहीच ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. गोष्ट न वाचता ही जागा निसटते.

सांजराग: माझं मत वेगळं. पहिल्यांदा कोरं ऐकावं, नाहीतर कान फक्त खुणा शोधत बसतात. आणि 'स्पिनिंग व्हील' लांबलंय हे खरंच. ड्वोर्झाकचा जावई, संगीतकार जोसेफ सुक यानेही त्यात काटछाट केली होती.

व्हायोलावाला: सुकचा मान राखूनही, पूर्णच ऐका. एक खेप कापली की कथागीताचा तोलच जातो. कोरं ऐकायचंच असेल तर 'वाइल्ड डव्ह' घ्या. नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईची गोष्ट आहे, सुरुवातीलाच अंत्ययात्रेची चाल. १८९८ मध्ये ब्रनोला तिचा पहिला प्रयोग संगीतकार यानाचेकने केला. यानाचेकच्या ऑपेरांची आवड असेल तर हीच आधी लावा.