बदलापूर ते फोर्ट: वाचलेल्या तासाची किंमत कशी ठरवावी?

बदलापूरकर:
मी बदलापूर पूर्वेला स्वतःच्या घरात राहतो आणि फोर्टमधील एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो. सीएसएमटी ते बदलापूर अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. रिक्षाची १५ मिनिटे, फलाटावरची १०, गाडीतला जवळपास दीड तास आणि शेवटी चालणे धरले, तर एका बाजूला दोन तास जातात. हातात पगार ५७,६०० रुपये येतो. महिन्याचे २४ दिवस आणि रोजचे आठ तास धरले, तर ताशी ३०० रुपये होतात. प्रवासाचे चार तासही कामातच मोजले, की हाच दर २०० वर येतो, आणि हा आकडा पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे.

मुंबईतच, फोर्टच्या बऱ्याच जवळ, चुनाभट्टीला २८,००० रुपये भाड्याचे घर पाहिले आहे. आमच्या घराचे ९,००० येतील, म्हणजे १९,००० रुपये जास्त मोजून महिन्याचे ६० तास वाचतील. तासाला साधारण ३१७ रुपये पडतात. मुलगी सिनियर केजीत आहे आणि मी घरी पोहोचतो तेव्हा ती बहुधा झोपलेली असते. हा सौदा करावा का?

चौथी_सीट:
आपला हिशेब बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला अर्थ मला पटत नाही. कार्यालय आपले १९२ तास ३०० रुपये दराने घेते. वाचलेले ६० तास त्या दराने घेणारे कोणी नाही, त्यामुळे ३१७ आणि ३०० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. १९,००० मात्र खिशातूनच जाणार. घराचा हप्ता आपण लिहिलेला नाही. तो १६,००० धरला, तर सगळे वजा जाता हातात २२,६०० उरतात आणि त्यात तिघांचा महिना काढायचा आहे.

शिवाय सगळे तास सारखे नसतात. सकाळी वाचलेला तास बहुधा झोपेत जाईल (तेही वाईट नाही). संध्याकाळी सात ते साडेआठ हा वेळ मुलीचा आहे, आणि आपल्याला विकत घ्यायचा आहे तो नेमका हाच दीड तास. तो कार्यालयाची वेळ बदलून फुकट मिळतो का, हे आधी विचारून पाहा. मी स्वतः बसायला मिळावे म्हणून मस्जिद स्थानकाहून उलटा, गाडी सुटते त्या सीएसएमटीला जातो. त्यात १५ मिनिटे जातात, पण लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धे शरीर बाहेर ठेवून कल्याण गाठण्यापेक्षा, बसून डोळे मिटलेला तास मला जास्त मोलाचा वाटतो.

लेडीज_डबा:
आपल्या हिशेबात आपल्या पत्नीचा एकही तास दिसला नाही, म्हणून लिहिते. मी २२ वर्षे अंबरनाथहून ये-जा केली. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडायची, गवार मोडायची, भिशीचे पैसे गोळा करायचे; गर्दी असह्य होती, तरी तेवढा वेळ मला कोणी हाक मारत नव्हते. पुढे आम्ही मुलुंडला राहायला आलो आणि रोजचा दीड तास वाचला. त्या तासाचे काय करायचे, हे मी ठरवण्याआधीच घराने ठरवून टाकले: आता लवकर येतेस, तर पोळ्यांची बाई कशाला? सासऱ्यांचे चहाचे वेळापत्रकही माझ्या गाडीप्रमाणे पुढे सरकले. प्रवास बरा होता असे मी म्हणत नाही, परंतु वाचलेला तास कोणाच्या नावावर लावायचा, हे घर बदलण्यापूर्वी घरातल्या सर्वांसमोर बोलून घ्या. चुनाभट्टीला गेल्यावर मुलीला शाळेतून कोण आणणार, हेही त्यातच आले.

भाडेकरू:
अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलाली आणि सामान हलवण्याचा टेम्पो, हे सगळे ३१७ मध्ये धरलेले नाही. पहिल्या वर्षी तास यापेक्षा बराच महाग पडेल.

बदलापूरकर:
सर्वांचे आभार. एक आठवडा रोजचा वेळ वहीत लिहून पाहिला. लाजिरवाणी नोंद अशी, की घरी पोहोचल्यावर जेवणाआधी मी रोज सरासरी ५० मिनिटे मोबाइल घेऊन बसतो. त्या वेळेचा कोणताही दर मी आजवर काढला नव्हता. पत्नीशी बोललो, तेव्हा तिने पहिल्याच वाक्यात सांगितले की तिची आई मागच्या गल्लीत राहते, म्हणूनच तिला दुपारची शिकवणी घेता येते. चुनाभट्टीला गेलो तर तिचे ते उत्पन्न आणि तिचे मोकळे तास दोन्ही जातील. ही बाब माझ्या हिशेबात कुठेच नव्हती.

साहेबांकडे सकाळी आठ ते साडेचार ही वेळ मागितली. त्यांनी तूर्त सोमवार आणि बुधवारपुरता होकार दिला आहे, कारण महिनाअखेरीला हिशेब विभाग लवकर सोडणे त्यांना परवडत नाही. घराचा निर्णय मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईपर्यंत पुढे ढकलला आहे. दलालाला तसे कळवायचे अजून राहिले आहे आणि त्याचे दिवसाला तीन फोन येतात.