नाना कांगोहून आल्यापासून धाप लागते, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल

पाचोऱ्याचा_पुतण्या: राम राम मंडळी. आमचे नाना आर्मीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, नोकरीत यूएन मिशनवर कांगोत गोमाला होते. तिकडं काळी बारीक धूळ, जनरेटरचा धूर, कॅम्पचा कचरा उघड्यावरच जाळायचे म्हणतात. आता जिना चढला की धाप लागते, कोरडा खोकला आहे, बिडी-तंबाखू कधीच नाही. एक्सरे नॉर्मल, फुंकायची टेस्ट पण नॉर्मल, डॉक्टर म्हणतात टेन्शन घेता तुम्ही. ज्या माणसाने आयुष्यभर पीटी केली तो टेन्शनने कसा थकेल?

जिनिंगवाला_धरणगाव: भाऊ रिटायरमेंटनंतर कापसाच्या जिनिंगमधे किंवा वॉचमनची नोकरी केली का? आमच्याकडे रुईच्या धुळीने कितीतरी जणांची छाती गेली, आणि पऱ्हाट्या पेटवतात तो धूर वेगळाच. सगळं कांगोवर टाकू नका, आणि आधी थुंकी तपासून टीबी नाही ना ते बघा.

छातीचा_डॉक्टर_धुळे: टीबी बघा हे बरोबर, इको पण करून घ्या, हृदयामुळेही धाप लागते. पण फुंकायची टेस्ट नॉर्मल म्हणजे फुफ्फुस ठणठणीत असं नसतं. २०११ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, इराक-अफगाणिस्तानातून आलेले सैनिक, बऱ्याच जणांच्या टेस्ट नॉर्मल, तरी ४९ जणांची बायोप्सी केली तर ३८ जणांत सगळ्यात बारीक श्वासनळ्या आकसलेल्या निघाल्या, कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस. त्यातले बरेचजण २००३ मधे मोसुलजवळ गंधकाच्या आगीच्या धुरात होते. गोमाजवळ न्यिरागोंगो ज्वालामुखी आहे, त्यातून गंधकाचा वायू निघतो, म्हणून डॉक्टरांना ही पोस्टिंग स्पष्ट सांगा. नानांना हेच झालंय असं मी म्हणत नाही. डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो ती टेस्ट) आणि श्वास सोडून काढलेला एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) मागा, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघायला सांगा. बायोप्सीची घाई नको, ते ऑपरेशन असतं.

माजी_फौजी_चाळीसगाव: पुतण्या, नानांना जिल्ह्याच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधे घेऊन जा आणि रेफरल माग, पुण्याला आर्मीचं हृदय-छातीचं मोठं हॉस्पिटल आहे, एआयसीटीएस, तिथं पाठवता येईल का विचार. डिस्चार्ज बुक आणि मिशनचे कागद सोबत ने. रिलीज मेडिकल बोर्डात (रिटायर होताना आर्मी करते ती तपासणी) छातीचा शब्द नसला तरी इलाज थांबत नाही, डिसेबिलिटी पेन्शन ही वेगळी लढाई, त्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयात विचार. अमेरिकेने २०२२ ला पॅक्ट कायदा करून कचरा जाळायच्या खड्ड्यांच्या धुराशी जोडलेले कितीतरी आजार सेवेमुळेच झाले असं धरायला सुरुवात केली. आपल्याकडेही मिशनवरून आलेल्या प्रत्येक जवानाची छाती नीट तपासून कागदावर घ्यायला हवी, हे मी मनापासून सांगतो.

पाचोऱ्याचा_पुतण्या: नानांना विचारलं, जिनिंगमधे कधी गेले नाहीत, घरची केळी बघतात. सोमवारी पॉलिक्लिनिकला जातोय. डॉक्टरसाहेब, तोवर केळीवर फवारणी ते स्वतःच करतात, बंद करायला लावू का?

छातीचा_डॉक्टर_धुळे: हो, लगेच. धुरापासूनही लांब ठेवा.