बागेत शिल्प बसवायचं आहे: आमच्या सोसायटी ग्रुपवरची शनिवारची चर्चा

मंदार, सेक्रेटरी (ए-२०३), सकाळी ८:०५
सर्वांना नमस्कार. बी-५०१ चे पाटीलकाका त्यांच्या आईच्या स्मरणार्थ आपल्या बागेत एक शिल्प बसवून देत आहेत. आई आणि बाळ, आठ फूट उंच, फायबरचं, खाली छोटं कारंजं. खर्च सगळा त्यांचा. परवाच्या मीटिंगमध्ये कमिटीने होकार दिला आहे. उद्या सकाळी पाया खणायला माणसं येतील, तरी बागेच्या बाजूला गाड्या लावू नयेत.

स्नेहा (बी-२०४), ८:११
वा! आजींची आठवण कायमची राहील 🙏

इनामदारकाका (ए-४०१), ८:१६
पाटील, मनापासून आभार.

रेश्मा (सी-१०२), ८:४०
पाटीलकाका, राग मानू नका. आजींनी माझ्या आर्याला किती जीव लावला हे मी कधी विसरणार नाही. पण बागेतला जिराफ आठवतोय ना सगळ्यांना? तोही असाच भेट आला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात पायाला चीर गेली, आतली सळई बाहेर आली. मी ग्रुपवर तीनदा फोटो टाकला. भेट देणारे म्हणाले आमचं काम झालं, जुनी कमिटी म्हणाली बजेटमध्ये तरतूद नाही. शेवटी आर्याच्या मनगटाला चार टाके पडले, त्याच दिवशी संध्याकाळी जिराफ हलला.
मला एवढंच विचारायचंय, या शिल्पाची काळजी कोण घेणार?

मंदार, ८:४४
रेश्माताई, माळी आहेच की.

रेश्मा, ८:४६
माळीदादा झाडांसाठी आहेत. फायबरची चीर भरणं, पंप, वायरिंग, हे त्यांच्या गळ्यात कसं घालायचं?

शुभदाताई (सी-६०२), १०:०२
मंदार, रेश्मा, मी जरा सविस्तर लिहिते, वाचा. मी सध्या अमेरिकेत मुलाकडे आहे, इथे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला रात्रीचे साडेनऊ वाजलेत, नातू आत्ताच झोपलाय.

इथे ग्वादालुपे नावाच्या नदीकाठी मोठी बाग आहे. त्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा होता, पुण्याने या शहराला दिलेली भेट. पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून भगिनी शहरं आहेत, त्या नात्यातून आलेली. २०२३ च्या सुरुवातीला तो पुतळा चोरीला गेला. आपण सगळ्यांनी बातमी वाचली होती, किती हळहळलो होतो. थोड्याच दिवसांत तो एका भंगाराच्या यार्डात सापडला.

मी इथे आल्यावर मुद्दाम ती जागा बघायला गेले. तिथे उभी असताना मनात आलं, चोरी झाल्याचं जगाला सांगितलं कुणी? शहराच्या उद्यान खात्याने. पुण्याने आम्हाला दिलेली भेट चोरीला गेली, असं त्यांनी स्वतः जाहीर केलं. वस्तू दुसऱ्या देशातून आलेली, राजा दुसऱ्या देशाचा, तरी ती आपल्या खात्यावर आहे हे त्यांनी मानलं. आपला जिराफ कुणाच्याच खात्यावर नव्हता गं रेश्मा, म्हणून आर्याला लागलं.

पाटीलकाका (बी-५०१), १०:१५
शुभदाताई, मी वाचतोय. लिहा.

शुभदाताई, १०:३१
धन्यवाद भाऊ. इथल्या शहरांत कलेसाठी एक कमिशन असतं आणि बागांसाठी दुसरं. कमिशन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर निवृत्त न्यायाधीशांचा आयोग येतो, तसं हे नाही. सॅन होजेत शहरातलीच साधी माणसं नेमलेली असतात. ती नगर परिषदेला सल्ला देतात, शेवटचा निर्णय परिषदेचा.

इथून तासाभरावरच्या सॅन फ्रान्सिस्कोचं आर्ट्स कमिशन जास्त वजनदार. १९३२ पासूनचं. महापौरांनी नेमलेले १५ जण, त्यात कलाकार आणि आर्किटेक्टही असतात. तिथे १९६९ पासून नियम आहे की सरकारी बांधकामाच्या खर्चातले २ टक्के कलेसाठी बाजूला काढायचे. शहराच्या मालकीची सार्वजनिक ठिकाणची शिल्पं, भित्तिचित्रं या कमिशनच्या संग्रहात. बागांचं कमिशन वेगळं, सात जणांचं.

मुलगा म्हणाला, आई, एकदा मीटिंगला चल. इथल्याच एका बागेच्या मीटिंगला गेलो. दाराशी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं की दोन मिनिटं बोलायला मिळतात. समोर घड्याळ उलटं मोजत असतं. माझ्या पुढे काठी टेकत आलेल्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्या फक्त एका बाकाबद्दल बोलल्या. बाक उन्हात आहे, झाडाखाली सरकवा. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत त्यांचं सांगून झालं. समोरच्या सगळ्यांनी ऐकून घेतलं, एकीने लिहून घेतलं. कुणी म्हणालं नाही की बाई, हा काय विषय आहे.

इनामदारकाका, १०:३८
आणि त्या बाईंना कळलं कसं की त्या दिवशी मीटिंग आहे?

शुभदाताई, १०:४७
काका, तीच तर खरी गोष्ट. कॅलिफोर्नियात १९५३ चा ब्राऊन कायदा आहे. नियमित मीटिंगची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांना दिसेल अशी लावावीच लागते. आणि पत्रिकेत नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घेता येत नाही.
आपल्या परवाच्या मीटिंगच्या नोटिशीत शिल्प होतं का, मंदार?

मंदार, १०:५२
नव्हतं ताई. पार्किंग आणि लिफ्टचं एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) एवढेच विषय होते. काकांचा फोन आला म्हणून आयत्या वेळी घेतला. माझी चूक झाली.

फरहान (सी-३०३), ११:०५
चूक म्हणू नका मंदारदादा, हेतू चांगलाच होता. पण मुद्दा पटतोय. आपल्याकडेसुद्धा १९७५ च्या वृक्ष कायद्यात आहेच की, झाड तोडायचं तर त्या झाडावरच नोटीस चिकटवायची, म्हणजे येणारा-जाणारा वाचेल. झाड काढताना विचारतो, तर त्याच बागेत काही उभं करतानाही विचारावं.

झाडाचं निघालंच आहे तर सांगतो. काल संध्याकाळी माळीदादांनी मला खुणेचा चुना दाखवला. पायाचा खड्डा बकुळीच्या आळ्याला लागूनच येतोय. चार बाय चार, तीन फूट खोल. ते म्हणाले, साहेब, एका बाजूची मुळं तुटणारच, पुढच्या वादळात झाड कलेल. बिचारे कुणाला सांगावं म्हणून दोन दिवस घुटमळत होते.

स्नेहा, ११:०८
अरे बापरे, बकुळ नको! पोरं रोज सकाळी फुलं वेचतात.

पाटीलकाका, ११:१२
हे मला माहीत नव्हतं. आईसुद्धा त्याच बकुळीखाली बसायची.

गायकवाडसर (ए-१०१), ११:४०
मी चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून राहवत नाही, बोलतो.

आपल्या राज्यात सार्वजनिक पुतळा उभारायचा तर मातीचं मॉडेल कला संचालनालयाला दाखवून मंजुरी घ्यावी लागते. हे निव्वळ कागदी सोपस्कार नाहीत. मातीत चेहरा सुधारता येतो, प्रमाण सुधारता येतं, ओतकाम झालं की काही करता येत नाही. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाहीत. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नंतर कला संचालनालयाकडून सांगण्यात आलं की आम्ही सहा फुटी मॉडेलला मान्यता दिली होती, पुतळा पस्तीस फुटी होणार हे आम्हाला कळवलं नव्हतं. सहा फुटांचं शिल्प आणि पस्तीस फुटांचं शिल्प या दोन वेगळ्या वस्तू आहेत हो. वारा वेगळा, वजन वेगळं, आतला सांगाडा वेगळा.

पाटीलसाहेब, आपलं शिल्प आठ फुटांचं, खासगी बागेतलं, त्याला ती मंजुरी लागणार नाही. पण मॉडेल तरी कुणी पाहिलंय का?

पाटीलकाका, ११:४६
नाही सर. कॅटलॉगमधला फोटो पाहून ऑर्डर द्यायचं ठरवलं होतं. अजून पैसे दिलेले नाहीत.

गायकवाडसर, ११:४९
मग अजून सगळं हातात आहे.

वैभव (बी-३०२), १२:१०
सर्वांचा आदर ठेवून बोलतो. एवढी चर्चा केली तर कधीच काही होणार नाही. अमेरिकेत पैसा आहे, वेळ आहे. इथे एक माणूस स्वतःच्या खिशातून देतोय, त्याला आपण मॉडेल आण, नोटीस लाव म्हणतोय. पुढच्या वेळी कोण पुढे येईल?

शुभदाताई, १२:३४
वैभव, तुझं म्हणणं चूक नाही. चर्चेमुळे तिथेही कामं रखडतात. याच सॅन होजेत थॉमस फॅलन नावाच्या माजी महापौराचा घोड्यावरचा पुतळा शहराने १९८८ मध्ये करून घेतला. फॅलनने १८४६ मध्ये मेक्सिकोबरोबरच्या युद्धात इथे अमेरिकेचा झेंडा चढवला होता. इथली कितीतरी कुटुंबं मूळ मेक्सिकन, त्यांना तो पराभवाचा पुतळा वाटला. लोक इतके चिडले की तयार पुतळा दहा वर्षांहून जास्त काळ गोदामात पडून राहिला. २००२ मध्ये उभा केला, २०२१ मध्ये परिषदेने काढायचं ठरवलं, २०२३ मध्ये उतरवला. आधी पुतळा आणि मग लोकांना विचारणं, असं झालं की काय होतं ते यात दिसतं. चर्चा टळत नाही रे, फक्त पैसे खर्च झाल्यावर होते.

आणि पैसा असून काय झालं तेही ऐक. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्याजवळचं वेलँकूर कारंजं १९७१ चं. काँक्रीटच्या मोठमोठ्या चौकोनी नळ्या एकमेकींत गुंतवल्यासारखं, चाळीस फूट उंच. कुणाला आवडायचं, कुणाला मुळीच नाही. जमीन उद्यान खात्याची, कारंजं आर्ट्स कमिशनच्या संग्रहातलं. पंप बंद पडले, काँक्रीट खराब झालं, आतलं लोखंड गंजलं. २०२५ मध्ये उद्यान खातं म्हणालं, दुरुस्ती कोट्यवधी डॉलरची आहे, धोका आहे, हलवू द्या. शिल्पकार तेव्हा पंचाण्णवी गाठलेले, कॅनडातून येऊन विनवून गेले. नोव्हेंबरमध्ये कमिशनने मत घेतलं. ८ विरुद्ध ५. कारंजं उतरवायला परवानगी.

मला त्या निर्णयाचं वाईट वाटलं. ज्या रकमेत पंप वेळच्या वेळी बदलले गेले असते, ती दरवर्षी बाजूला पडली असती तर त्या म्हाताऱ्या माणसाला यावं लागलं नसतं. पण आठ कोण आणि पाच कोण हे शहराला माहीत आहे, प्रत्येकाला आपलं मत सगळ्यांसमोर द्यावं लागलं. आपला जिराफ आणायचं कुणी ठरवलं, मला आजही माहीत नाही. जुन्या मिनिट्समध्ये शोधून बघा, एक ओळ सापडायची नाही.

रेश्मा, १२:३९
खरंच नाहीये ताई. मी तेव्हा शोधलं होतं.

वैभव, १२:५५
कारंज्याचं माहीत नव्हतं. ताई, तिथे कुणी भेट देऊ केली तर काय विचारतात?

शुभदाताई, १:०४
साधेच प्रश्न. वस्तू कशाची आहे, किती वर्षं टिकेल, जागा कोणती, दुरुस्तीला वर्षाला किती लागेल आणि ते कुठून येतील, उद्या काढावी लागली तर काढायचा अधिकार कुणाला. भेट नाकारली म्हणजे माणसाला नाकारलं असं कुणी धरत नाही.
झोपते आता, इथे मध्यरात्र उलटून गेली.

पाटीलकाका, २:२०
सगळ्यांचं वाचलं. सौ.शीही बोललो.

आई जाऊन वर्ष होईल श्रावणात. घरात तिची खुर्ची रिकामी दिसते म्हणून वाटलं, बागेत तरी तिचं काहीतरी असावं. घाई झाली माझी. वैभव, तू माझ्या बाजूने बोललास, बरं वाटलं, पण रेश्माचं बरोबर आहे. आईच्या नावाच्या वस्तूने कुणा लेकराला लागलं तर मला ते सहन व्हायचं नाही.

उद्या खणायला येणारी माणसं थांबवली आहेत. गायकवाडसर, तुमच्या ओळखीत कुणी शिल्पकार असेल तर मला भेटायचंय. फायबरचं नको, दगडात काही करता येईल का? उंची कमी झाली तरी चालेल. कारंजं तर नकोच.

गायकवाडसर, २:३१
माझा एक विद्यार्थी बेसाल्टमध्ये काम करतो. सोमवारी तुम्हाला घेऊन जातो. बसकं, गुळगुळीत कडांचं काहीतरी करू, मुलांनी वर चढून बसावं असं. दगडाला चढलेली मुलं शोभतात.

रेश्मा, २:३३
काका 🙏 आर्या म्हणतेय आजींची गोष्टींची वही तिच्याकडे आहे, ती सरांना दाखवायचीय.

फरहान, २:४०
जागेसाठी मी आणि माळीदादा उद्या सकाळी सात वाजता बागेत आहोत. बकुळीपासून किमान बारा फूट सोडून दोन ठिकाणी चुना मारून ठेवतो. ज्यांना बघायचंय त्यांनी यावं.

इनामदारकाका, २:५२
देखभालीचं लेखी ठेवा. मी तीस वर्षं बँकेत काढली. ठेव म्हणून एक रक्कम वेगळ्या खात्यात, तिच्या व्याजातून वर्षातून एकदा तपासणी. पाटील देतील त्यातच थोडं इकडे वळवता येईल, नाहीतर सभासदांकडून घेऊ.

मंदार, ३:३०
खालची नोटीस तिन्ही विंगच्या बोर्डावर आणि लिफ्टमध्ये लावली आहे. चूक असेल तर सांगा, संध्याकाळपर्यंत बदलतो.

"विशेष सर्वसाधारण सभा, पुढच्या रविवारी सकाळी १०, क्लबहाऊस. विषय एकच: श्री. पाटील यांनी देऊ केलेलं शिल्प. सभेआधी पाच दिवस मॉडेलचं रेखाचित्र आणि जागेचा नकाशा क्लबहाऊसमध्ये भिंतीवर लावलेला असेल. खाली वही ठेवली आहे, त्यात कुणीही, मुलांनीही, आपलं म्हणणं लिहावं. सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं. मत हात वर करून, कोण बाजूने आणि कोण विरोधात ते मिनिट्समध्ये नावासह."

स्नेहा, ३:३४
मंदार, भाडेकरूंनी पण लिहायचं ना वहीत?

मंदार, ३:३६
हो, मत सभासदांचं, पण वही सगळ्यांची. तशी ओळ घालतो.

पाटीलकाका, ३:४१
रेखाचित्र पाच दिवस आधी लागणं अवघड आहे. शिल्पकार सोमवारी भेटणार. सभा आणखी पंधरा दिवस पुढे ढकला, मला घाई नाही.

मंदार, ३:४४
चालेल काका. तारीख बदलून नवीन नोटीस लावतो.