चार लाल नोंदी आणि सेवामुक्ती: आदेशाविरुद्ध आता दाद मागता येईल का?

ऐरोलीचा_माजी_जवान

सर्वांना जय हिंद. मी मूळचा मुरबाड तालुक्यातला. सध्या ऐरोलीत राहतो आणि महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक म्हणून बारा तासांची ड्युटी करतो. जून २०१० मध्ये सैन्यात दाखल झालो. जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे पेन्शनला लागणारी पंधरा वर्षे भरायला साडेतीन वर्षेही उरली नसताना, माझ्या नावावर चार लाल शाईच्या नोंदी, म्हणजे सेवापत्रकातल्या मोठ्या शिक्षांच्या नोंदी, झाल्याचे कारण देऊन मला सेना नियम १३ खाली सेवामुक्त करण्यात आले. यातल्या तीन नोंदी रजा संपूनही वेळेवर हजर न झाल्याच्या आहेत. त्या काळात आईचे डायलिसिस चालू होते आणि घरी दुसरे कोणी नव्हते.

डिस्चार्ज बुकात कारणासमोर ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ आणि चारित्र्यासमोर ‘गुड’ असे लिहिले आहे. डीएससीमध्ये, म्हणजे माजी सैनिकांना घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, पुन्हा भरती होण्यासाठी गेलो, तर ‘व्हेरी गुड’च्या खालचे चालत नाही आणि सेवामुक्तीचे कारणही आड येते, असे सांगून परत पाठवले. माझा भाचा म्हणतो की, अमेरिकेत सैनिकाला सेवामुक्तीचा दर्जा आणि पुनर्भरतीचा कोड बदलून मिळावा म्हणून पंधरा वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. आपल्याकडे असा अर्ज कोठे करायचा? माझ्या हाती आजपर्यंत फक्त डिस्चार्ज बुक आहे.

निवृत्त_बडेबाबू_अंबरनाथ

जय हिंद. मी सव्वीस वर्षे युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसमध्ये क्लार्क म्हणून काम केले आहे, त्यामुळे कागदांपुरते बोलतो.

सर्वप्रथम हे लक्षात घ्या की आपल्याला बडतर्फ केलेले नाही, सेवामुक्त केले आहे. बडतर्फ झालेल्याचा पेन्शन-ग्रॅच्युइटीवरचा हक्क सहसा बुडतो, सेवामुक्त झालेल्याचा तसा बुडत नाही. पाच वर्षांवर अर्हतासेवा (पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी धरली जाणारी सेवा) झालेल्याला सेवा उपदान, म्हणजे सर्व्हिस ग्रॅच्युइटी, मिळते. ते आपल्या खात्यात जमा झाले होते का, हे जुन्या पासबुकात आधी पाहून घ्या, कारण नोकरी गेल्याच्या धक्क्यात पुष्कळ जण ही रक्कम तपासतच नाहीत.

नुसत्या डिस्चार्ज बुकावर कोणताही वकील काही सांगू शकणार नाही. आपली कारणे दाखवा नोटीस, तिला आपण दिलेले उत्तर, प्राथमिक चौकशीचा अहवाल, शिक्षांची नोंद असलेली कंडक्ट शीट आणि ब्रिगेड कमांडरांनी दिलेली मंजुरी यांच्या प्रती लागतील. त्या आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे आणि तोपखान्याचे नाशिक रोडला, तसे आपल्या रेजिमेंटचे जेथे असेल तेथे पाठवा. फी दहा रुपये आहे आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. अर्जात ‘माझी सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहू नका, एकेका कागदाचे नाव लिहा. प्राथमिक चौकशीचा कागद ‘उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर आले, तर ते उत्तर जपून ठेवा. आपल्या प्रकरणात त्या एका ओळीचे मोल फार आहे.

वकील_ठाणे_कोर्टनाका

बडेबाबूंच्या शेवटच्या वाक्याचे कारण आधी सांगतो. सेना मुख्यालयाच्या २८ डिसेंबर १९८८ च्या धोरणपत्रानुसार, अशा जवानाला काढण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे आणि त्याची बाजू ऐकणे आवश्यक आहे. वीरेंद्रकुमार दुबे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले की चार लाल नोंदी झाल्या म्हणजे सेवामुक्ती आपोआप होत नाही. गुन्ह्यांचे स्वरूप काय होते, जवानाने खडतर ठिकाणी किती सेवा केली आणि तो पेन्शनच्या किती जवळ आला होता, याचा विचार अधिकाऱ्यांनी करायला हवा. आपली अकरा वर्षे सात महिन्यांची सेवा आणि आईचे आजारपण या चौकटीत बसते. मात्र २०१९ च्या सतगुर सिंग निकालात याच न्यायालयाने सेवामुक्ती कायम ठेवली. ही प्राथमिक चौकशी म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्यातली औपचारिक चौकशी) नव्हे, अशी भूमिका त्यात आहे. म्हणून केवळ दुबे निकालाची प्रत जोडून विसंबून राहू नये.

आता भाच्याने सांगितलेल्या गोष्टीबद्दल. अमेरिकेत डीडी-२१४ या कागदावर सेवामुक्तीचा दर्जा आणि पुनर्भरतीचा कोड असतो. तेथे डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे पंधरा वर्षांच्या आत अर्ज करता येतो आणि नोंदी दुरुस्त करणारे वेगळे बोर्डही आहे. आपल्याकडे दर्जा वाढवून देणारे असे बोर्ड नाही. ‘गुड’चे ‘व्हेरी गुड’ करून द्या, ही मुख्य मागणी ठेवली तर अर्ज कमकुवत होतो. मागणी सेवामुक्तीचा आदेशच रद्द करण्याची असली पाहिजे, कारण डिस्चार्ज बुकातले कारण त्या आदेशावरच उभे आहे. आणखी एक मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. केंद्रीय नोकऱ्यांतील आरक्षणासाठी ‘माजी सैनिक’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेमुळे सेवामुक्त झालेल्यांना वगळले आहे. त्यामुळे हा आदेश तसाच राहिल्यास अडचण डीएससीपुरती राहत नाही.

दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे मागायची. सेवेतून बाहेर पडलेल्याला आपल्या राहत्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जाता येते, म्हणजे आपल्यासाठी मुंबई. खरी अडचण मुदतीची आहे. २००७ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण आपण सेनेच्या वरिष्ठांकडे आदेशाविरुद्ध पहिले निवेदनसुद्धा दिलेले दिसत नाही. आज नवे निवेदन पाठवले म्हणून गेलेली मुदत परत येत नाही. पेन्शनच्या प्रकरणांत ‘अन्याय दरमहा चालूच आहे’ हा युक्तिवाद चालतो, सेवामुक्तीच्या आदेशाला तो सहसा लागू होत नाही. म्हणून उशिराचे स्पष्टीकरण महिन्यागणिक आणि पुराव्यासह लिहावे लागेल.

यश आले तरी गणवेश परत मिळेल असे समजू नका. दुबे प्रकरणात न्यायालयाने, पेन्शनला लागणारी सेवा पुरी होईपर्यंत तो जवान सेवेत होता असे मानले, पण मागचा पगार दिला नाही. आपल्यालाही फार तर असाच दिलासा मिळेल.

नायब_सुभेदार_कल्याण

कोणाला वाईट वाटले तर क्षमा असावी, पण प्लाटूनमध्ये बसून हे प्रकरण कसे दिसते तेही कळले पाहिजे. एक जवान वीस दिवस उशिरा येतो, तेव्हा त्याची गार्ड ड्युटी दुसऱ्याच्या डोक्यावर बसते आणि त्या दुसऱ्याची रजा लांबते. त्याचीही आई घरी असते. आपण तीन नोंदींचे कारण लिहिले आहे. चौथी कशाची, ते लिहिलेले नाही. न्यायाधिकरणात कंडक्ट शीट समोरच असेल, तेव्हा येथे तरी लपवू नये.

ऐरोलीचा_माजी_जवान

साहेबांनी बरोबर जागी बोट ठेवले. चौथी नोंद दारूची आहे. आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी, फिल्डमधून (प्रत्यक्ष तैनातीवरून) परतल्यावर, सेना कायद्याच्या कलम ४८ खाली चौदा दिवस कोठडी झाली. ते लिहायला लाज वाटली, म्हणून गाळले. माझ्या वाटणीच्या गार्ड ज्यांनी दिल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही राग नाही.

काल रात्री ड्युटीवरून आल्यावर ट्रंक उघडली. कारणे दाखवा नोटीस सापडली. मी दिलेल्या उत्तराची प्रत नाही. ते उत्तर मी क्लार्कने सांगितले तसे दोन ओळींत दिले होते, ‘गलती हुई, एक मौका दिया जाए’ एवढेच, आणि आईच्या आजाराचा त्यात उल्लेखही नव्हता. चौकशीसाठी मला कोणी बसवून काही विचारल्याचे आठवत नाही. आईचे डायलिसिसचे केसपेपर मात्र बहिणीने मुरबाडच्या घरी जपून ठेवले आहेत.

वकील_ठाणे_कोर्टनाका

दारूची नोंद अर्जाच्या पहिल्याच पानावर, तारखेसह आणि आईच्या मृत्यूच्या तारखेशेजारी लिहा. ती आपण स्वतः सांगितली तर तिचे वजन वेगळे राहते. आपल्या दोन ओळींच्या उत्तरात आजाराचा उल्लेख नाही, हे सरकारी वकील दाखवणारच. त्यावर आपले म्हणणे असे राहील की, रजा वाढवून मागताना आपण युनिटला आजाराचे कळवले होते. तसे कळवल्याचा एखादा रजेचा अर्ज, तार किंवा मेसेज सापडतो का, ते बहिणीला केसपेपरांबरोबरच शोधायला सांगा. माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात टाका, पण त्याच्या उत्तरासाठी न्यायाधिकरणातला अर्ज थांबवू नका. कागद नंतरही जोडता येतात.

निवृत्त_बडेबाबू_अंबरनाथ

माहिती अधिकाराचा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच पावती फाइलला लावा. मसुदा तयार झाला की एखाद्या रविवारी अंबरनाथला घेऊन या. रेकॉर्ड ऑफिसला कोणत्या कागदाचे नेमके काय नाव लिहायचे, ते मी पेन्सिलने घालून देईन.