नैरोबीजवळच्या रुइरूमध्ये राहण्याबाबत

जालनेकर: नोकरीनिमित्त केनियाला जाणार असून भाडे परवडेल म्हणून रुइरूचा विचार आहे. पाण्याची आणि जाण्यायेण्याची सोय कशी आहे?

परभणीकर: मी तिथे राहिलो आहे. २०१२ मध्ये नैरोबीहून रुइरूमार्गे थिका शहराकडे जाणाऱ्या रस्त्याचे रुंदीकरण पूर्ण झाले, कॉफीच्या मळ्यांवर ५० बाय १०० फुटांचे प्लॉट पडत गेले आणि इमारती उभ्या राहिल्या, पण नळाचे पाणी आणि मलवाहिन्या मात्र मागेच राहिल्या. म्हणून घर पाहताना आधी गच्चीवरची पाण्याची काळी टाकी पाहावी, फरशी नंतर.

देवळाईवासी: हे तर आमच्याच वस्तीचे वर्णन झाले! टँकरची सवय जालनेकरांना असेलच.

परभणीकर: असेल, तरी नैरोबी परिसरातील बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, त्यामुळे पिण्याचे पाणी वेगळे घ्यावे. आतल्या मातीच्या रस्त्यांवर बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, हाच आधार. पावसात तीही रुतते.